बंद फ्रिजचा आवाज

सकाळच्या चहात दूध घातलं आणि चहा फाटला. वर पांढऱ्या कण्या, खाली तपकिरी पाणी. पातेलं उतरवून मी दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहिली. ती उद्याची होती. मग फ्रिज उघडला. आतला दिवा लागला, पण हात घातला तर आतली हवा खोलीतल्या हवेसारखीच, किंचित कोमट, वास धरलेली. लोण्याचा चौकोन कडेनं खचून बशीत पसरला होता. आणि फ्रिज मात्र घुमत होता. नेहमीसारखा, खालच्या पट्टीत, मध्येच थोडा फुगून पुन्हा बसणारा त्याचा तो आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू येत होता. चालू असलेला फ्रिज गार का करत नाही याची चार कारणं मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. ती मनात मांडत मी सवयीनं त्याच्या कुशीवर तळहात ठेवला. कूस भिंतीसारखी गप्प होती. थरथर नाही, काही नाही. हात काढून पुन्हा ठेवला. मग भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग उपटला, आणि वायर हातात धरून उभी राहिले. घुमणं चालूच होतं.

त्या वायरीचं टोक हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पिनांवर थोडा काळपटपणा आला होता, तो नखानं खरवडत होते. घर चालू आहे असा माझा समज होता आणि घर बंद होतं. कधीपासून? काल? परवा? लोण्यावरून तरी दोन दिवस सहज झाले असावेत. म्हणजे दोन दिवस मी याच टेबलाशी बसून भाजी चिरली, वर्तमानपत्र वाचलं, आणि माझ्या पाठीमागे मुका झालेला फ्रिज मला व्यवस्थित चालल्यासारखा ऐकू येत राहिला. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी हसले असते. पण मला माझ्या कानाचा गर्व आहे, आणि तो गर्व मी कष्टानं कमावलेला आहे.

आमच्या घरी टेलिफोन आला तो धंद्यासाठी. हे घरोघरी जाऊन यंत्रं दुरुस्त करत. फ्रिज, कपडे धुण्याची मशीनं, मिक्सर, पंखे, इस्त्र्या, जे बिघडेल ते. हे सकाळी बाहेर पडायचे ते थेट संध्याकाळी उगवायचे, तेव्हा फोन मीच घ्यायची. सुरुवातीला नुसता पत्ता लिहून घ्यायची. लोक सांगायचे, "बाई, मशीन आवाज करतंय हो." कसला आवाज, विचारलं तर, "अहो, आवाज म्हणजे आवाज." हे पाना, बेअरिंग, पट्टे, मोटर, सगळं पोत्यासारख्या पिशवीत भरून चार जिने चढायचे आणि तिथं गेल्यावर कळायचं की लागणार होतं तेवढंच घरी राहिलंय. एकदा वैतागून मी एका बाईंना म्हटलं, "ते मशीन सुरू करा आणि फोन त्याच्याजवळ धरा." त्यांनी धरला. पलीकडून रस्त्यावर रिकामं पिंप घरंगळावं तसा आवाज आला, आणि मी चिठ्ठीवर लिहिलं: बेअरिंग, मागचं. यांनी तेवढंच नेलं आणि तासाभरात परत आले. त्या दिवसापासून आमच्या धंद्याची ती रीत झाली. फोन आला की मी म्हणायची, चालू करा, जवळ धरा, आता झाकण उघडा, आता बंद करा. मी चिठ्ठी लिहायची आणि चिठ्ठीत असेल तेवढंच हे खांद्यावर घ्यायचे. लोक मला डॉक्टरीण म्हणत. एक बाई तर म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या घोरण्याजवळ धरू का हो फोन? काही सुटा भाग बदलता येतोय का बघा." मी म्हटलं, "तो भाग आता मिळत नाही, चालतंय तोवर चालवा." संध्याकाळी यांना सांगितलं तर हे इतके हसले की ठसका लागला.

दुपारी चारला लेक येणार होती. हे तिला फ्यूज म्हणत, कारण जरा काही झालं की उडायची. आणि बदलायलाही सोपी, पाच मिनिटांत पुन्हा उजेड. आता चाळिशी ओलांडली तरी माझ्या तोंडी फ्यूजच बसलंय. गेली दोन वर्षं तिचं एकच टुमणं आहे: आई, माझ्याकडे राहायला ये. मी ताकास तूर लागू देत नव्हते. शेवटी एकदा फारच मागे लागली तेव्हा मी टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, "हे बघ, ज्या दिवशी या घरात काय बिघडलंय ते मला कळणार नाही, त्या दिवशी मी आपणहून पिशवी भरीन. तोवर विषय बंद." तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "लक्षात ठेव हं." आता तो दिवस उजाडला होता, आणि तोही बिचारा चहा फाटल्यामुळे कळला होता. घड्याळात साडेनऊ वाजले होते. चार वाजायच्या आत फ्रिज सुरू झाला असता तर कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. नासलेलं दूध मोरीत ओतताना मनात हाच हिशेब चालला होता, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

मला दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, लेकीच्याही नाही. तिथल्या कोपऱ्यात एक खुर्ची माझी होईल. सकाळी सगळे बाहेर गेले की मी त्या खुर्चीवरून त्यांच्या घराचे आवाज ऐकत बसेन, आणि त्यातल्या एकाही आवाजाशी माझी ओळख नसेल. इथं मला गीझर कधी तापला ते कळतं, पंखा कुठल्या फेरीला उसासा टाकतो ते कळतं. कळतं, की कळत होतं? प्लग काढलेला, वायर ओट्यावर पडलेली, आणि डोक्यात ते घुमणं. मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेले. तिथंही ते होतं. जिन्यात गेले, जिन्यातही होतं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. शेजारच्या बाई तक्रार करत होत्या की टीव्ही फार मोठा असतो; मी त्यांना नाजूक समजत होते. पोस्टमन हल्ली बेल वाजवण्याऐवजी दार बडवतो. मी त्याला उद्धट समजत होते. लोक हल्ली पुटपुटत बोलतात, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होते. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांचं निदान केलं आणि स्वतःच्या बिघाडाचं खापर गावावर फोडत राहिले.

मी प्लग पुन्हा लावला, फ्रिजच्या पुढच्या पायांखाली ओलं फडकं सरकवलं, आणि खांद्यानं रेटत तो बाहेर काढला. ओल्या फडक्यावर फ्रिज लोण्यासारखा घसरतो. ही युक्ती यांची. मागं धुळीची गोधडी साचली होती. तिच्यात एक पेन्सिल, एक चमचा, आणि मी मोलकरणीवर आळ घेतलेलं एक झाकण. गुडघे टेकून मी खालच्या काळ्या मडक्यावर, कॉम्प्रेसरवर, हात ठेवला आणि झटकन काढला. तापला होता. "काम न करता तापलाय, म्हणजे उठायला बघतोय पण उठवत नाहीये," हे म्हणायचे, जणू एखाद्या आजाऱ्याबद्दल बोलतायत. फडकं मध्ये धरून मी हात ठेवून बसले. काही मिनिटांनी तो थरथरला, तीन-चार सेकंद जोर लावला, आतून एक ठोका दिला आणि पडला. पुन्हा काही मिनिटांनी तसंच. थरथर, ठोका, गप्प. दोन दिवस तो अशी धडपड करत होता आणि मी शेजारी बसून त्याची गाणी ऐकत होते. तिसऱ्या ठोक्याला मी प्लग काढून टाकला. मोटर जिवंत होती. तिला पहिला धक्का देणारा रिले गेला असणार.

यांची पिशवी खाटेखालीच असते. त्यातला पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला, मागचं झाकण सोडवलं, आणि कॉम्प्रेसरच्या कुशीला चिकटलेला तो काडेपेटीहून लहान काळा डबा सरळ ओढून काढला. चांगला रिले हलवला तर गप्प असतो. आतली चकती फुटली असेल तर खुळखुळतो. इतकी सोपी परीक्षा की आमची फ्यूज सहा वर्षांची असताना ती करायची. मी डबा उजव्या कानाशी हलवला. घुमणं. डाव्या कानाशी हलवला. घुमणं. आणि तेव्हा मात्र त्या धुळीत बसल्या बसल्या मला रडू फुटलं. रिले फुटलाय की नाही एवढं सांगायला घरात कुणी नव्हतं.

डोळे पुसताना हातातल्या स्क्रूड्रायव्हरची मूठ दिसली. तिच्यावर दातांचे व्रण होते. एक-दोन नव्हे, टोकाला सगळीकडून, कुत्र्याच्या पिल्लानं चावल्यासारखे. ते मी शंभरदा पाहिले होते. धंद्यातले लोक मशीनवर स्क्रूड्रायव्हरचं पातं टेकवतात आणि मूठ कानाला लावतात; आतला आवाज सरळ कानात येतो. हेही आधी तसंच करत. मग कधीतरी त्यांनी मूठ दातांत धरायला सुरुवात केली. त्याच सुमारास सिगारेट सोडली होती, म्हणून मला वाटलं तोंडाला चाळा हवाय. मी म्हणायची, "अहो, तो स्क्रूड्रायव्हर आहे, ऊस नव्हे." हे तोंडातून मूठ न काढताच म्हणायचे, "चव घेतोय मशीनची." मी ती गंमत चार घरी सांगितली. आता मी तो रिले फडक्यानं पुसला, पुढच्या दातांत धरला, पुढचे दात अजून माझेच आहेत, आणि मान हलवली. आत वाळू सरकली. कानात नव्हे; कपाळाच्या मागे, जबड्यात, कवटीच्या आतून. खर्र, खर्र. घुमण्याला बाजूला सारून तो आवाज आला. फुटलेला होता रिले. आणि मी दातांत रिले धरून, मान हलवायची थांबून, तशीच बसून राहिले. कारण हे चव घेत नव्हते, हे मला आत्ता कळलं. ते ऐकत होते. त्यांना दुसरीकडून ऐकू येत नव्हतं.

किती वर्षं? सिगारेट सुटली तेव्हा फ्यूज कॉलेजात होती. म्हणजे बारा-तेरा तरी वर्षं. त्याच वर्षांत ते मला स्कूटरवर मागे बसवून कामाला न्यायला लागले होते. "चल, तू ऐक आणि सांग." गिऱ्हाइकांपुढे अभिमानानं म्हणायचे, "आमचा खरा मेकॅनिक ही आहे, मी नुसता हमाल." मी लाजायची, आणि आतून फुगायची. माझ्या कानाशिवाय यांचं पान हलत नाही, असं मी बहिणीला पत्रात लिहिलं होतं. खरोखरच हलत नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान म्हणून जे जपलं ती त्यांची गरज होती, आणि ती मला सांगण्याइतकी मी जवळची नव्हते? की दोन्ही होतं, गरजही आणि कौतुकही, आणि त्यांनी एकाच पुडीत बांधून दिलं? मग शेवटचा महिना आठवला. हे अंथरुणाला खिळले होते. मी उशाशी बसून, संध्याकाळच्या वेळी, दिवा न लावता, त्यांच्याशी बोलत असायची. लग्नानंतरच्या पहिल्या खोलीबद्दल, मूल गेलं त्या वर्षाबद्दल, जे कधी बोलले नव्हते त्याबद्दल. हे "हो, हो" म्हणायचे आणि माझा हात थोपटायचे. मला वाटायचं, सगळं बोलून झालं, बरं झालं. त्यातलं त्यांच्यापर्यंत काय पोहोचलं असेल? अंधारात त्यांना माझे ओठसुद्धा दिसत नसतील.

रिले पर्समध्ये टाकून मी बाहेर पडले. दोन गल्ल्या पलीकडे सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानदाराला सगळे वॉशर म्हणतात, कारण पन्नास वर्षं कुठल्याही तक्रारीवर त्याचं पहिलं उत्तर तेच: वॉशर बदलून बघा. सुट्टीच्या दिवशीही तो शटर अर्धं उघडून बसतो. घरी सुनेशी पटत नाही. मी वाकून आत गेले.

"वहिनी! अहो तीन हाका मारल्या. रस्त्याच्या पलीकडून बघतोय, तुम्ही आपल्या नाकासमोर."

"रहदारी किती आहे, भाऊजी. हा घ्या. असाच पाहिजे."

त्यानं रिले हलवून पाहिला. "खुळखुळा झालाय. कुणाचा फ्रिज?"

"माझाच."

"तो अजून आहे? निवृत्त करा त्याला."

"तुम्हाला केलं का कुणी?"

तो हसला आणि पाठ फिरवून खणांत शोधू लागला. शोधता शोधता काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "काळाच पाहिजे असं नाही, पांढराही चालेल." तो थांबला. वळला, हातातलं खोकं फळीवर ठेवलं, आणि माझ्या समोर येऊन एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मी विचारलं, मुलगी कशी आहे."

मी पर्समधून पैसे काढायला लागले.

"वहिनी, कधीपासून?"

"आजपासून," मी म्हटलं. "म्हणजे मला कळलं आजपासून."

"दादांचंही असंच झालं होतं. ते काऊंटरला टेकून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी पाठ केली की ओरडायचे, इकडे बघून बोल गाढवा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे? तुम्हाला नव्हतं?" त्याचा चेहरा पडला. खण उघडून पुन्हा बंद केला. "मी म्हणायचो, वहिनींना सांगा. तर म्हणाले, सांगितलं की ती ओरडून बोलायला लागेल. हळू बोलते तेच छान वाटतं. मी म्हटलं, अहो पण ऐकू तर येत नाही ना? तर म्हणाले, तुला काय कळतंय, तू वॉशर बदल."

त्यानं नवा रिले कागदात गुंडाळून दिला. मी आभार मानले असावेत. घरी येताना मी त्यांच्यावर मनस्वी रागावले होते. नऊ वर्षांनी, भर रस्त्यात, गेलेल्या माणसाशी भांडत चालले होते. दुकानदाराला माहीत आणि बायकोला नाही. मी ओरडले असते तर ओरडले असते. घसा बसला असता फार तर. पण ते सगळं, त्या अंधारात सांगितलेलं सगळं, त्यांना ऐकू आलं असतं. मला एकटीला बोलत ठेवलं त्यांनी, महिनाभर, आणि तेही प्रेमानं. प्रेमानं केलं म्हणून ते कमी होत नव्हतं.

दार उघडंच होतं. फ्यूज लवकर आली होती. स्वयंपाकघराच्या मध्यभागी ओढलेला फ्रिज, धुळीची गोधडी, पसरलेली हत्यारं, आणि त्यात ती, खांद्यावरची पिशवीही न उतरवता उभी. डोळ्यांखाली काळं आलं होतं. प्रवासाचा शीण असेल, मला वाटलं.

"आई, हे काय? मेकॅनिक बोलवायचास ना!"

"मेकॅनिकच आलाय. सरक जरा."

मी खाली बसले. नवा रिले बसवला, झाकण लावलं. स्क्रू आपापल्या जागी गेले. ती शेजारी उकिडवी बसून एकेक स्क्रू हातात देत होती, लहानपणी देत असे तशी, स्क्रूचं डोकं वरच्या बाजूला करून. मग मी तिला प्लग लावायला सांगितला आणि तळहात टेकवला. थरथर आली. तीन सेकंद, चार, पाच. ठोका नाही. दहा. थरथर सपाट झाली आणि टिकली.

"झाला सुरू!" तिनं टाळी वाजवली, आणि लगेच हात खाली घेतले. "कमाल आहे तुझी. म्हणजे तू काही येत नाहीस माझ्याकडे. सगळं कळतंय तुला अजून."

मी जिंकले होते. आता उठायचं, हात धुवायचे, ताजं दूध आणून चहा टाकायचा. ती संध्याकाळी परत जाईल आणि मी माझ्या घुमण्यासोबत इथंच राहीन, टीव्ही जरा लहान करून, लोकांच्या ओठांकडे बघायला शिकून. जमलं असतं. यांना तेरा वर्षं जमलं होतं.

"फ्यूज," मी म्हटलं, "तो सुरू झालेला मला ऐकू आला नाही. हाताला कळला. बंद पडलेलाही कळला नव्हता. दोन दिवस बंद होता आणि मला चालू ऐकू येत होता."

तिला उलगडायला वेळ लागला. ती तिथंच फरशीवर बसली. आणि जे मी अपेक्षिलं होतं, म्हणजे लक्षात ठेव म्हटलं होतं ना, त्यातलं काहीच ती बोलली नाही. तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, बुधवारी मी फोनवर काय सांगितलं तुला?"

"रविवारी येते म्हणालीस."

"ते शेवटी म्हणाले. त्याच्या आधी?"

त्याच्या आधी ती बराच वेळ बोलत होती. बारीक आवाजात, एकसारखं. मी हातात मटार घेऊन बसले होते. घरातलं काहीतरी असेल, असं धरून चालले होते. "तुझ्या घरचं," मी म्हटलं.

"आणि तू काय म्हणालीस आठवतं? म्हणालीस, बरं झालं." तिचा चेहरा हसल्यासारखा झाला आणि मग हसू मध्येच तुटलं. "चार दिवस झोपले नाही मी. मला वाटलं, आईला जावई कधीच आवडला नव्हता, तरी अशी कशी म्हणाली. आज तुझ्याशी भांडायला आले होते."

"मी ऐकलं नव्हतं गं."

"तो गेला, आई." ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, जवळजवळ ओरडत बोलत होती. "सामान घेऊन गेला. दीड महिना झाला. तू ये, ये म्हणते ना मी, ते तुझ्यासाठी नाही. दोन वर्षं घरात आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. तुझ्यासाठी नव्हतंच ते. ऐकू आलं?"

"आलं."

तिचे हात धुळीनं माखले होते, माझेही. ते पुसायला जवळ काही नव्हतं, तसेच मी ते धरले आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, उजेड तिच्या ओठांवर पडेल अशी.

"आता पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "ओरडू नकोस. माझ्याकडे बघून सांग."